पाटी राहू दे

"अगं, तुझ्या लेकाच्या खोलीत रात्री दोनला दिवा! अभ्यास की फोन?"

"काकू, रात्री दोनला तुम्ही आमच्या गॅलरीकडे कशाला बघत होतात?"

"गुडघे झोपू देत नाहीत. विषय बदलू नकोस."

"लिनक्सचं कर्नल वाचत असतो. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे म्हणे. काल जेवताना त्याचं पुराण ऐकता ऐकता आमटी निवली."

"एवढं काय त्यात?"

"मशीन चालू होताना काही कोड एकदाच लागतो. त्यावर 'इनिट' अशी पाटी लावतात. काम झालं की ती मेमरी मोकळी."

"मुंज झाली, मांडव उतरवा."

"तेच! तशीच 'सीपीयूइनिट' पाटी होती, एकेक प्रोसेसर कामाला लावणाऱ्या कोडवर. चालू मशीनमध्ये प्रोसेसर बंद-चालू करायची सोय नसेल, तर हाही मांडव उतरवायचा. मेमरी महाग होती तेव्हा थोडे किलोबाइटही मोलाचे."

"आम्हीही दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायचो."

"पण हल्ली लॅपटॉप झोपवला की एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद करतात, उठवला की पुन्हा चालू."

"म्हणजे रोजच मुंज!"

"मग बहुतेक मशीनवर पाटी असून नसल्यासारखी. वर चुकीच्या जागी लागली तर पंचाईत. उतरवलेल्या मांडवात कोणी जेवायला गेलं की मशीन आडवं. शेवटी २०१३ मध्ये पॉल गॉर्टमेकर नावाच्या माणसानं या पाट्या आधी कोऱ्या केल्या, मग एकेका फायलीतून खरवडून काढल्या. ३.११ आवृत्तीच्या वेळची गोष्ट. 'डेव्हइनिट' ही हार्डवेअरवाली बहीण त्याआधीच, ३.८ मध्ये गेली होती."

"आधी कोऱ्या कशाला? सरळ उपटायच्या."

"शेकडो फायली, प्रत्येकीचा सांभाळणारा वेगळा. मूळ व्याख्याच उपटली तर ज्यांच्याकडे पाटी शिल्लक, त्यांचं सगळं अडणार. कोरी असली की निवांत काढता येते."

"शहाणा दिसतो. आपल्या वाड्याच्या बिल्डरला असं सुचलं असतं तर! आणि ती पहिली 'इनिट'?"

"ती आहे अजून. तिचं काम संपलेलं नाही. पण काकू, तुमच्या दारावरची 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'? बेल तर करोनाच्या आधीपासून बंद आहे."

"राहू दे ती. ती वाचून लोक कडीसुद्धा वाजवत नाहीत."