पैशांचं इंग्रजी: इयत्ता पहिली

साहित्य: एक पासबुक, वाचायचा चष्मा आणि टेबलापलीकडून आलेल्या हसण्याला न भुलण्याचा थोडा सराव. व्याकरण लागत नाही. बँकेतल्या इंग्रजीत क्रियापद एकच, कापणे; आणि ते कर्मणी प्रयोगातच चालतं.

पहिला शब्द 'मिनिमम ड्यू'. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हा ठळक छापलेला असतो. 'एवढे भरले की सुटलो' असा अर्थ लावणारे विद्यार्थी इथेच नापास होतात. समजा, बिल ४०,०००चं आणि मिनिमम ड्यू २,०००. आपण दोन हजार भरून ऐटीत चहा पितो. इकडे महिना साडेतीन टक्क्यांनी १,४०० रुपये व्याज चढतं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. (व्याजावरही कर असतो हे कळल्यावर काही जण वर्ग सोडून जातात.) ढोबळ हिशेबानं दोन हजारांतून मूळ बिल कमी झालं ३४८ रुपयांनी. चहाचे पैसे वेगळे.

'फ्लॅट रेट' म्हटलं की मराठी माणसाला वन बीएचके आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅटनं घेतले, तर व्याज ३०,००० आणि हप्ता साधारण ३,६११. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत अख्ख्या लाखावर. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. म्हणून समोरच्या साहेबांना शांतपणे विचारावं, "रिड्यूसिंगनं किती?" साहेबांनी पाणी मागवलं तर आपला उच्चार जमला.

'प्री-अप्रूव्ह्ड' म्हणजे आपण न मागता मंजूर झालेलं. हा शब्द दुपारी, नुकता डोळा लागल्यावर, फोनवर ऐकू येतो.

'नो कॉस्ट ईएमआय' जरा वरच्या इयत्तेतला आहे. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच: कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीनं घेणाऱ्याला मिळाली असती त्या सवलतीत. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारावा, हप्त्याचं नंतर.

'नॉमिनी' म्हणजे वारस नव्हे. पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा तो विश्वस्त. भावाभावांत अबोला धरायला लावणारा हा एकमेव इंग्रजी शब्द असावा. तरी नाव लिहून ठेवाच.

तोंडी परीक्षा फोनवर होते आणि परीक्षक अनोळखी असतो. "काका, तुमचा रिफंड आलाय, रिसीव्ह करायला पिन टाका." उत्तर न देता फोन ठेवणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही.