पांढरी कड

आमच्या इमारतीतले कप्तान बोटीवर कधीच नव्हते. होते बँकेत, क्लिअरिंगला. समुद्राशी संबंध म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून एकदा लाँचनं रेवसला गेले होते, आणि परत आले ते एस.टी.नं.

ते कागदाची जहाजं करतात, म्हणून कप्तान. कागदाचं जहाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्या पावसात गटारात सोडलेली होडी येते. तसं कुणी बोलून दाखवलं की कप्तान चष्मा काढून पुसायला लागतात. चष्मा पुसला की समजायचं, माणूस दुखावलाय.

त्यांचं जहाज पोलंडहून येतं, टपालानं, सपाट. पोलंडात हा उद्योग जुना. 1957 साली तिथे ‘माऊई मोडेलाश’ नावाचं मासिक सुरू झालं, त्यात जहाजांचे आणि विमानांचे सुटे भाग छापलेले असत. घ्यायचं, कापायचं, चिकटवायचं. रद्दीत द्यायला मासिक उरतच नाही. सूचना सगळ्या पोलिशमध्ये. कप्तानांनी शब्दकोश घेऊन त्या लावल्या. उद्या एखादा पोलिश माणूस दारात आला तर ‘एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर डकवा’ एवढं ते त्याला अस्खलित सांगतील. त्यापुढे बोलणं खुंटेल.

सध्या टेबलावर बिस्मार्क आहे. मूळ जहाज 251 मीटर, प्रमाण 1:200, म्हणजे टेबलावर सव्वा मीटर. तेवढं टेबल घरात एकच. त्यामुळे जेवणं मांडी घालून, आणि गुडघ्यांसाठी वहिनींचा मोरीचा पाट. हॅम्बुर्गला बिस्मार्कचा कणा 1936 च्या जुलैत बसवला आणि 1940 च्या ऑगस्टात ती आरमारात दाखल झाली. चार वर्षं. इंग्रजांनी ती पुढच्या मे महिन्यात बुडवलीसुद्धा. कप्तानांचं अकरावं वर्ष चालू आहे.

“जर्मनांकडे पाहुणे येत नसतील,” वहिनी म्हणतात.

खरं कारण पाहुणे नाहीत. खरं कारण कड. कागद वरून छापलेला असतो, पण कापला की त्याची जाडी उघडी पडते, आणि ती पांढरी. राखाडी युद्धनौकेवर केसाएवढी पांढरी रेघ. तुम्हाआम्हाला ती दिसत नाही. कप्तानांना ती बाजूच्या खोलीतूनही खुपते. म्हणून प्रत्येक भाग कापायचा, शून्य नंबरच्या ब्रशानं त्याची कड रंगवायची, वाळवायची, मग संपलेल्या बॉलपेननं घडीची रेघ दाबून मोडायची, आणि टाचणीच्या टोकावर येईल तेवढ्याच फेविकॉलनं चिकटवायचं. मग भिंगातून बघायचं. मग उचकटायचं.

आता हे दुखणं जहाजापुरतं राहिलेलं नाही. चौकात वाढदिवसाचा कापीव फ्लेक्स लागला की कप्तान तो कुणाचा हे बघत नाहीत, साहेबांच्या कानामागे राहिलेली पांढरी कड बघतात. एका मुंजीत मेव्हणीनं केस रंगवले होते. सगळे ‘छान दिसतंय’ म्हणाले. कप्तानांनी जवळ जाऊन भांगाकडे निरखून पाहिलं आणि हळहळून म्हणाले, “कड राहिलीय.” ती मेव्हणी गेली तीन वर्षं या घरी आलेली नाही.

दुसरं दुखणं प्रमाणाचं. चौथ्या मजल्यावरच्यांनी ठाण्याला मोठा फ्लॅट घेतला, दहा मीटर बाय नऊ मीटर, पेढे घेऊन सांगायला आले. कप्तान क्षणभर डोळे मिटून म्हणाले, “पाच सेंटिमीटर बाय साडेचार. काड्यापेटीहून बरा.” माणसंही त्यांना आठ-साडेआठ मिलिमीटरचीच दिसतात असा माझा संशय आहे, रस्त्यात ओळख देत नाहीत ते बहुधा त्यामुळेच.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे होतो. चिमट्यात धक्क्याचा दोर गुंडाळायचा खुंटा, दीड मिलिमीटर उंच, सुईवर कागद वळून केलेला, कड रंगवलेली. मला शिंक आली. शिंकेनंतर चिमटा होता, खुंटा नव्हता. “कुणीही हलायचं नाही!” कप्तान फरशीला गाल टेकवून टॉर्च आडवा मारत राहिले. वहिनी कढईतला झारा हवेत धरून उभ्या. दारात दूधवाला एक पाय उचलून. पाऊण तासानं नाद सोडला आणि पोहे आले. माझ्या पोह्यांत एक मोहरी तडतडलेली नव्हती. ती मी चावली. कागदी होती. अजून सांगितलेलं नाही.

बिस्मार्कवर जोडतोफांचे चार मनोरे होते आणि त्यांना नावं होती: आंटोन, ब्रूनो, सेझार आणि डोरा. तळमजल्यावरच्यांच्या कुत्र्याचंही नाव ब्रूनो. त्यामुळे एकदा जिन्यात कप्तान मला “ब्रूनोचं मुंडकं उचकटून काढलं, आता नवीन बसवतो” असं सांगत असताना खालून जो आरडाओरडा झाला, तो सोसायटीच्या मिनिट्समध्ये नोंदलेला आहे.

पावसाळ्यात काम बंद. डोंबिवलीची हवा कागदात शिरते आणि नाळेपासून पिछाडीपर्यंत जहाज पापडासारखं वाकतं. कोळी लोक होड्या शाकारतात तशी कप्तान बिस्मार्क शाकारतात: वर प्लॅस्टिक, चारी कोपऱ्यांत तांदळाच्या पुरचुंड्या. नारळी पौर्णिमेला नारळ फोडतात, पण प्लॅस्टिक काढतात दिवाळीनंतरच.

यंदा मात्र जहाज जवळजवळ झालं. राहिल्या होत्या फक्त डोलकाठ्यांमधल्या बिनतारी संदेशाच्या तारा. दोरा जाड दिसायचा. एके सकाळी कप्तानांनी वहिनींच्या फणीतला केस उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, “काय बारीक आहे गं! अगदी प्रमाणात.” लग्नाला चौतीस वर्षं झाली, केसांचं कौतुक पहिल्यांदाच झालं. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

त्याच संध्याकाळी भाचीचा सहा वर्षांचा मुलगा आला. जहाजाच्या खाली काय असतं हे बघायला त्यानं बिस्मार्क दोन्ही हातांनी उचलली आणि उलटी केली. मनोरे फिरते राहावेत म्हणून कप्तानांनी ते चिकटवले नव्हते. चारही टपाटपा फरशीवर पडले. वहिनींचा केस तुटला. मुलाची आई पांढरी पडली, अगदी कडेसकट.

कप्तान खाली बसले. चष्म्याला हात लावला नाही. जहाजावरच्या चार गोल भोकांकडे बघत राहिले.

“अश्शीच,” ते म्हणाले. “अगदी अश्शीच!”

मग त्यांनी त्या पोराला मांडीवर घेऊन समजावलं. खऱ्या बिस्मार्कचे मनोरेही नुसत्या वजनानं बसलेले होते. जहाज उलटलं तसे चारही निखळून पडले. 1989 साली तळाशी सांगाडा सापडला, तेव्हा डेकवर ही चार भोकंच होती. अकरा वर्षांत त्यांच्या हातून इतकं तंतोतंत काही झालं नव्हतं. पोराला दोन चॉकलेटं मिळाली.

काळोख पडला तरी कप्तान घरात नाहीत म्हणून मी गच्चीवर गेलो. टाकीच्या शिडीवर उभं राहून ते खाली पार्किंगकडे बघत होते.

“सांगाडा सुमारे 4,800 मीटर खोल आहे,” ते म्हणाले. “भागिले दोनशे, चोवीस मीटर. म्हणजे ही टाकी धरली पाण्याची पातळी, तर बिस्मार्क हवी बरोबर तिथे. सेक्रेटरीच्या स्कूटरपाशी.”

खालून वहिनींचा आवाज आला, “अहो, वरच आहात तर दोरीवरचे कपडे घेऊन या!”