पंप त्यांचा, विहीर आपली

"वहिनी, काल मांडवात दिसल्या नाही तुम्ही?" काकूंनी कुंपणाच्या तारेवर लुगडं वाळत टाकता टाकता विचारलं.

"कोणाचं लग्न होतं?"

"लग्न कायचं वो! खाण वाढून राहिली ना, तिची जनसुनावणी. खुर्च्या, कूलर, समोसे, सगळं लग्नावानीच. फक्त नवरीला कोणी विचारलं नाही."

मी ग्रामपंचायतीत संगणकावर बसते, त्यामुळे सुनावणीचा मराठी सारांश महिनाभर माझ्याच टेबलावर होता. तीस दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते, तीही आली होती, पण निविदांच्या गर्दीत. सारांश चाळायला आलेले बहुतेक जण खरं तर पंख्याखाली बसायला आले होते.

"मग बोललं कोण?" मी विचारलं.

"सरपंचाच्या साळ्यानं माइक धरला, साहेबांचे आभार मानले आन् बसला. जमिनीच्या बदल्यात पोराला नोकरी लागून राहिली त्याच्या, तो काय बोलते! मास्तरीणबाई मात्र नडल्या. म्हणे, आमच्या विहिरीचं काय? साहेब म्हणे, नोंद घेतली."

नोंद घेतात हे खरं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतच लिहिलंय की जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस समोर बसेल, प्रदूषण मंडळ सुनावणी भरवेल, व्हिडिओ निघेल आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं. निकाल मात्र मांडवात लागत नाही, कागद वर जातात. आणि गणपूर्तीची अट नाही. चार टाळकी आली तरी सुनावणी झाली.

"बाप्पा! म्हंजे आपण गेलो काय आन् न गेलो काय?"

"जायचंच, काकू. खाणीची हद्द वाढते आहे म्हणून मांडव तरी पडला. जुन्याच हद्दीत जास्त कोळसा काढायचा असता तर कदाचित तोही चुकवता आला असता. २०२२ च्या मे महिन्यात कोळशाची टंचाई होती, तेव्हा आधी चाळीस टक्के वाढ मिळालेल्या खाणींना पन्नास टक्क्यांपर्यंत जायची मुभा दिली होती, सुनावणीशिवाय. सहा महिन्यांपुरती."

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "ते राहू द्या. मले एक सांगा, माझी विहीर काऊन आटली? मांगच्या उन्हाळ्यात मोटरीला पाइप जोडला, यंदा अजून एक. पाइपाच्या टोकाचा फुटबॉल गाळात रुतून राहिला. आन् तिकडं खाणीत चोवीस तास पंप सुरू. एवढं पाणी कोणाचं हाय मंग?"

खरी मेख इथंच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं खालचं पाणी उपसायचा हक्क दिलाय. खाणीनं शेत घेतलं की खालचं पाणीही पदरात पडतं. पाणी मात्र सात-बारा वाचत नाही. खड्डा आमच्या विहिरीच्या तळाखाली गेला की पाणी उताराकडे धावतं. तिकडे ते कोळशाच्या आड येणारी अडचण, म्हणून उपसून फेकायचं.

"परवानगी लागत नाही?"

"लागते ना. त्या उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, पातळी मोजायला पिझोमीटर बसवावे लागतात, उपशाचे पैसेही भरावे लागतात. सांडपाण्यासाठी १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण मंडळाची संमती, नदीकाठाला भिडायचं तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी."

"आन् पैसे कोणाले?"

"सरकारला."

"असं! माझ्या विहिरीचं भाडं सरकारले!"

मला हसू आलं, पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या. जमिनीला दर आहे, घराला मोबदला आहे, झाडांचीही किंमत लागते. शेजारच्या शेतातली विहीर कोरडी पडली तर तिच्या मालकाला आधी सिद्ध करावं लागतं की ती खाणीमुळेच पडली. पिझोमीटरचे आकडे खाणीकडे आणि कोरडी विहीर आपल्याकडे.

"पाणी वाया थोडंच जाते म्हणतात वो," काकू म्हणाल्या. "नागपूरकडे बाटल्या भरतात ना?"

भरल्या होत्या. पाटणसावंगीला वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सनं, खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावानं बाटलीत घातलं. वाईट कल्पना नाही, उलट चांगलीच. पण आमच्या इरई नदीकाठी आधी दिसतात ते ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे डोंगर. पावसात त्यातली माती नाल्यात उतरते, नाला उथळ होतो, आणि उन्हाळ्यात ज्याला पाणी नाही तोच नाला पावसाळ्यात घरात शिरतो.

"मग करायचं काय?"

"वस्तीतल्या सगळ्या विहिरींची आजची पातळी दोरी टाकून मोजायची. तारीख घालून फोटो काढायचे आणि तलाठ्याची सही घेऊन पंचनामा करून ठेवायचा. उद्या ते म्हणतील विहीर आधीपासून कोरडीच होती, तेव्हा आपल्या हातात कागद पाहिजे."

"दोरी हाय माझ्याकडं," काकू म्हणाल्या. "तलाठी सापडला पाहिजे ना पह्यले."