सातच्या आत भंडाऱ्यात

प्रवास, पाळीव जनावर आणि घरचं जेवण या तीन सुखांचं आपसात पटत नाही. वेगवेगळी भेटली तर तिन्ही गोड, पण एका घरात नांदायला आली की भांडण ठरलेलं. प्रवासाला निघावं तर कुत्र्याला कुठे ठेवायचं? कुत्रा ठेवावा तर त्याचा भात टाकायला कुणीतरी घरी हवं. आणि घरचं जेवण सोडवतच नसेल, तर उंबरा ओलांडायचा कशाला? मोठ्या शहरांत म्हणे कुत्र्यांची वसतिगृहं निघाली आहेत, तिथे त्यांना फिरवतात, खेळवतात, मालकाला फोटो पाठवतात. आम्ही भंडाऱ्याची माणसं. आमचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. जिथून संध्याकाळी सातच्या आत परत येता येतं, तेवढ्यालाच आम्ही जग मानतो.

सातची वेळ आमच्या कुत्र्याने ठरवून दिली आहे. मुलाने त्याचं नाव ब्रूनो ठेवलं होतं. आईच्या तोंडात ते काही बसेना. बुरनू, बिरनू, बुनू असं करत दोन दिवसांनी तिने प्रयत्नच सोडला आणि त्याच्या रंगाकडे बघून त्याला पितळ्या म्हणायला लागली. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात याहून योग्य नाव सापडलं नसतं. डॉक्टरांच्या लसीच्या कार्डावर तो अजून ब्रूनो आहे. त्या नावाने हाक मारली, तर तो मागे वळून दुसरा कुत्रा आलाय का ते बघतो.

मुलाने सुट्टीत येताना त्याच्यासाठी विकतचा खाऊ आणला होता. पिशवीवर केसाळ परदेशी कुत्र्याचं हसरं चित्र. पितळ्याने आधी चित्राचा वास घेतला, मग खाऊचा, आणि मग वाटीला प्रदक्षिणा घालून तो आईच्या पायाशी जाऊन बसला. आई म्हणाली, "त्याले भात पायजे बापा. अशे दगड कायले टाकता त्याच्यापुढे?" तो खाऊ पुढे शेजारच्या कोंबड्यांनी संपवला.

धानाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या कुत्र्याची तांदळाची जाण बाहेरच्या माणसाला खोटी वाटेल. रोजचा भात शिजत असला, की तो अंगणात लोळत असतो. चिन्नोर शिजत असला, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते बऱ्याच कागदपत्रांनंतर. पितळ्याने ते भाताच्या गंजाचं झाकण उचलताच दिलं होतं. आमच्याकडे चिन्नोर पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. त्यामुळे पितळ्या उंबऱ्यावर दिसला, की आम्ही पटकन चांगले कपडे घालतो. कुणीतरी येणार असतं.

तरी त्याची खरी परीक्षा लाखोरीच्या वड्यांच्या दिवशी असते. लाखोरी ही डाळ आमच्या धानाच्या बांधीतली दुसरी कमाई. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत तिचं बी फेकायचं. नांगर नको, पाणी नको, उरलेल्या ओलीवर ती येते. फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. बंदी दिल्लीहून आली, पण भंडाऱ्याच्या बांधीपर्यंत पोचता पोचता ती दमली असावी, कारण लाखोरी उगवत राहिली आणि वडे तळले जात राहिले.

आईचे वडे बघण्यासारखे असतात. रात्री भिजवलेली डाळ ती पाट्यावर जाडसर वाटते. मिक्सरमध्ये डाळीचं पीठ होतं आणि वड्याला दात लागत नाही, असं तिचं म्हणणं. त्यात लसूण, हिरवी मिरची, ओवा आणि मूठभर सांबार. इथे परगावच्या सुनेने गोंधळून जाऊ नये. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तळहातावर पाण्याचं बोट फिरवून वडा थापायचा आणि जवसाच्या तेलात सोडायचा. मग गरम भातावर वडा कुस्करायचा, आणि लहान कढईत तेल, हिंग, लाल मिरच्या तडतडवून ती फोडणी वरून ओतायची. चर्रर असा आवाज येतो, त्या क्षणी घरातलं बोलणं आपोआप थांबतं. या वडाभातानंतर माणसाला प्रवासाची स्वप्नं पडत नाहीत. थेट झोपच लागते. लसूण आणि तेलामुळे पितळ्याला वडा वर्ज्य. तो उंबऱ्यावर बसून सगळ्यांच्या ताटाकडे असं बघतो, की निम्मा वडा गिळताना आपण काहीतरी पाप करतोय असं वाटतं. निम्माच. उरलेला निम्मा बिनधास्त जातो.

आता प्रवासाकडे येऊ. सातच्या आत परतायचं हे एकदा ठरलं, की जिल्ह्याचा नकाशा सोपा होतो. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाल्यावर आमच्याकडे सात तालुके उरले : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. लोक हळहळले. पितळ्या तेव्हा असता, तर त्याने या विभाजनाचं स्वागतच केलं असतं. एवढ्या जिल्ह्यात सकाळी कुठेही जाऊन त्याच्या भाताला परत येता येतं. लाखांदूर जरा लांब पडतं, म्हणून तिथल्या नातेवाइकांची लग्नं आम्ही मुहूर्त बघून स्वीकारतो.

पितळ्याला सोबत न्यायचा विचार आमच्याही डोक्यात आला होता. रेल्वेत कुत्र्याला नेता येतं, पण पहिल्या वर्गाची आख्खी केबिन किंवा कूपे राखून, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून. आमचा रेल्वेप्रवास म्हणजे नागपूरची लोकल पकडायची आणि मिळेल त्या दांड्याला लटकायचं. तिथे पहिला वर्ग कुठून आणणार? शिवाय भंडारा रोड हे स्टेशन नावापुरतं भंडाऱ्याचं, ते आहे वरठीला. तिथे पोचणं हाच एक छोटा प्रवास असतो. एसटीचा प्रश्न आम्ही कंडक्टरपुढे काढलाच नाही. काही उत्तरं विचारण्याआधीच कंडक्टरच्या चेहऱ्यावर लिहिलेली असतात.

म्हणून आम्ही जातो आणि तो थांबतो. त्याच्याजवळ आई थांबते, आणि आई थांबते म्हणून डबा मिळतो. हा डबा आमच्या प्रवासाचा मुख्य प्रवासी. पवनीला गेलो, की मी पाहुण्यांना उत्साहाने सांगायला लागतो : हे वैनगंगेचे घाट, हा जुना किल्ला, इथे 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि सम्राट अशोकाच्या आगेमागच्या काळातले बौद्ध स्तूप सापडले. दोन हजार वर्षांहून जुन्या दगडांसमोर पाहुणे गंभीर होतात, पण त्यांची नजर एव्हाना सावली शोधत असते. कोणत्या झाडाखाली चटई टाकायची याचा निर्णय झाला, की इतिहास संपतो आणि पातोडीचा रस्सा उघडला जातो. या घाटांवर शतकानुशतकं यात्रेकरू आले आणि प्रत्येकाने असंच झाड शोधलं असणार. परंपरा राखल्याचं समाधान मला मिळतं.

पावसाळ्यात आमचा मोहरा गोसीखुर्दकडे. या धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी 1988 साली केलं. धरणाला 33 दरवाजे आहेत, आणि ऑगस्टमध्ये भंडाऱ्यात माणसं एकमेकांना 'कसे आहात' असं विचारत नाहीत, 'किती उघडले?' असं विचारतात. आकडा वाढला, की नदीकाठची माणसं सामान माळ्यावर चढवतात आणि गावातली माणसं धरण बघायला गाड्या काढतात. एकाच बातमीने निम्मा जिल्हा घाबरावा आणि निम्म्या जिल्ह्याने सहलीला निघावं, असं आमच्या वैनगंगेलाच जमतं. तिथे उभं राहून भाजलेलं कणीस खायचं, तोंडावर तुषार घ्यायचे, मोबाइलवर दरवाजे मोजायचे, आणि घड्याळात चार वाजले की परत फिरायचं.

जंगलही हाताशी आहे. भंडाऱ्याजवळ कोका अभयारण्य, आणि साकोलीकडून पिटेझरीच्या फाटकातून नागझिरा. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम ठोकून एक आख्खं पुस्तक लिहिलं. आम्हाला मुक्कामाची सोय नाही. आम्ही सकाळच्या फेरीत जेवढं दिसेल तेवढं बघतो. बहुतेक वेळा चितळ दिसतात. वाघ दिसला नाही, तर गाईड पायाचे ठसे दाखवून समजूत घालतो, आणि आम्ही घरी येऊन पितळ्याला सांगतो की वाघ थोडक्यात चुकला. तो आमच्या पँटचा वास घेतो आणि चितळं होती हे ओळखून निघून जातो.

या भागातला अस्सल प्रवासी कोण, तर जय. नागझिऱ्यातला हा वाघ 2013 च्या सुमारास एकटा निघाला, शेतं, महामार्ग, नदी ओलांडत शंभरावर किलोमीटर चालला आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात जाऊन राहिला. ना आरक्षण, ना डबा, ना घरी कुणाला कळवणं. तिथे त्याने मोठा संसार मांडला आणि देशभरातले पर्यटक त्याच्यासाठी यायला लागले. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला. खूप शोधलं, सापडला नाही. आई ही गोष्ट पितळ्याला सांगून झाल्यावर दरवेळी एकच तात्पर्य काढते : "भाताले घरी यावं गा."

दिवाळी झाली, की मात्र प्रवासाची दिशाच उलटते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, आणि मग आम्ही कुठे जायची गरज उरत नाही. सगळा जिल्हाच पाहुणा होऊन दारात येतो. दिवसा मंडई, रात्री दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक. आमच्या झाडीपट्टीतलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. त्यामुळे पाहुणे पहाटे येऊन झोपतात आणि उठल्यावर पहिला प्रश्न जेवणाचा विचारतात. रोज चिन्नोर शिजतो. पितळ्या उंबऱ्यावरून हलत नाही. महिनाभरात त्याची कंबर दिसेनाशी होते आणि डॉक्टर मला पथ्याची यादी देतात. त्याची यादी मला का देतात, हा प्रश्न विचारायचं धाडस माझ्या पोटाकडे बघून होत नाही.

हे सगळं अनेक वर्षं सुरळीत चाललं होतं. मग सरकारने त्यात लक्ष घातलं. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आईची पंचाहत्तरी नेमकी त्याच सुमाराची. आधार कार्डावरच्या तारखेबद्दल आजवर तिची तक्रार होती, की शाळेत मास्तरांनी वय दोन वर्षं वाढवून लिहिलं. ती तक्रार तिने रातोरात मागे घेतली.

आधी ती रामटेकला जाऊन आली. मग शेगाव. मग पंढरपूर, तेही मुक्कामाने. मग कोल्हापूरची अंबाबाई. सोबतीला कुणीतरी हवं म्हणून माझी बायको, अर्ध्या तिकिटात. 'पैसे वाचतात' या कारणासाठी आमच्या घरातल्या बायका आता महाराष्ट्रभर फिरतात. एवढे पैसे आमचे आजवर कधीच वाचले नव्हते. आणि घरी उरतात दोघं : ज्याला पूर्ण तिकीट पडतं तो, आणि ज्याला तिकीटच मिळत नाही तो.

सात वाजता मी भात टाकतो. पितळ्या येतो, वास घेतो आणि माझ्याकडे असा बघतो, की मी पाट्याकडे बघायला लागतो. कोल्हापूरहून आईचा फोन येतो. रस्सा बरा होता, पण भात आपल्यासारखा नाही, असा जिल्ह्याच्या अभिमानाचा अहवाल आधी. मग चौकशी : "पानी किती टाकलं होतं?" मी सांगतो. तिकडे थोडा वेळ शांतता, आणि मग बायकोचं हसू ऐकू येतं.

पुढच्या महिन्यात त्या दोघी गणपतीपुळ्याला जाणार आहेत. समुद्र बघायचा आहे म्हणे. परत कधी येणार विचारलं, तर आई म्हणाली, "समुद्र सातच्या आत बघून होते का गा?" मला पंचाहत्तरी गाठायला अजून बराच अवकाश आहे. तोवर भातात पाणी किती टाकायचं, तेवढं शिकून घेतलेलं बरं. पितळ्याला घाई नाही. शेजारी आज चिन्नोर शिजतोय, आणि तो मघाशीच तिकडे गेलाय.