काकू गेल्या आणि आल्या

कथा-कादंबरीत लिहिलेलं सगळेच वाचतात. न लिहिलेलं वाचणारा मी एकटाच, असा माझा बरीच वर्षं समज होता. याला कारण अगाथा ख्रिस्ती. 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही त्यांची कादंबरी 1926 सालची, तेव्हा रहस्य फोडल्याचं पाप आता लागू नये. तिच्यात गोष्ट सांगणारे डॉक्टरसाहेब नऊला वीस मिनिटं असतानाचं सांगतात, मग एकदम नऊला दहा मिनिटं असतानाचं. मधल्या दहा मिनिटांबद्दल अवाक्षर नाही. खून त्याच दहा मिनिटांत झालेला असतो, आणि केलेला असतो खुद्द डॉक्टरांनी!

तेव्हा मी गाफील राहिलो होतो. त्यानंतर शपथ घेतली की यापुढे लेखकाने काहीही गाळलं तरी मी ते पकडणार. धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण. माझं शास्त्र त्याच्याही पुढचं. धूर दिसत नाही ना, म्हणजे आग फारच मोठी असणार.

तर आमच्या वाचनालयाच्या वाचक मंडळात एका कौटुंबिक कादंबरीवर बोलायचं काम माझ्याकडे आलं. कादंबरीचं नाव सांगत नाही, त्यात लेखकाचा काही दोष नाही. प्रत घरी आणली आणि वाचत सुटलो. 96व्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'काकूंनी कढीला फोडणी दिली आणि'. नजर समोरच्या पानावर नेली. पुढची ओळ : 'पाऊस थांबला होता.'

मी खुर्चीतून उठलोच. काय धाडस! वाक्य अर्ध्यात तोडलेलं. पुढे काका एकटेच खिचडी खातात. चहाचे दोन कप भरतात आणि दोन्ही स्वतःच पितात. काकूंचा पत्ता नाही. मला सगळं लख्ख दिसलं. काकू गेल्या. काकांचं मन ते मानायला तयार नाही आणि लेखकाची लेखणी ते लिहायला तयार नाही.

पुढे 150व्या पानावर काकू शेगडीवर कढी सांडल्याबद्दल काकांना झापतात. मी समासात पेन्सिलने लिहिलं, 'स्मृतीतला आवाज'. 162व्या पानावर त्यांनी गॅस सिलिंडरचे पैसे मागितले. तिथे मी थोडा अडखळलो, पण लगेच सावरलो आणि लिहिलं, 'मृत्यूनंतरही न फिटणारं संसाराचं देणं'.

सभेत मी चाळीस मिनिटं बोललो. हेमिंग्वेचा हिमनग आणला. त्याचा फक्त आठवा हिस्सा पाण्यावर असतो, तसं उत्तम लेखनाचं असतं, असं हेमिंग्वेने 1932 साली लिहून ठेवलंय. मग दोन कप चहावर आलो. पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांच्या माना हलत होत्या. आडव्या हलत होत्या हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शेवटी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सर, तुमच्याकडची प्रत बघू जरा." त्यांनी 96वं पान उघडलं. समोर 113वं होतं.

"यातला एक फर्माच नाहीये. सोळा पानं. बांधणीतच राहिलीत. आत तशी चिठ्ठी घातली होती आम्ही."

चिठ्ठी होती. पुस्तकात खुणेला कागद लागतो म्हणून आठ दिवस तीच वापरत होतो. लिहिलेली बाजू खाली करून.

दुसरी प्रत आणली गेली. काकू भाचीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या होत्या. 104व्या पानावर, निघताना, त्या काकांना बजावतात की दूध दोन कपांचं येतं, वाया घालवू नका.

"म्हणजे गेल्या नाहीत ना?" आजींनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग रडवलंत कशाला मला?" त्या म्हणाल्या. याला हेमिंग्वेकडेही उत्तर नसावं.

घरी आलो. बायकोने चेहरा पाहिला आणि म्हणाली, "काकू जिवंत निघाल्या वाटतं."

"तुला कसं कळलं?"

"चिठ्ठी आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. मी वाचली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, न लिहिलेलं वाचतोस, तर लिहिलेलंही वाचलं असशील."

मी तिथल्या तिथे ठरवलं, आजपासून अनुमान बंद. जे समोर आहे तेवढंच खरं मानायचं, त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. समोर चहाचे दोन भरलेले कप होते. मी काहीही अर्थ न लावता, शांतपणे दोन्ही कप संपवले.

तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून खारी घेऊन आली आणि म्हणाली, "माझा चहा कुठाय?"