साखरेचा बाह्योपचार

दिल्लीत दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात भेटवस्तूंचा जो व्यवहार चालतो, त्यात वस्तू सहसा कोणाच्याच घरी मुक्काम करीत नाही. ती आवक-जावक वहीत चढल्यासारखी एका दाराने आत येते आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या इसमाकडे रवाना होते. लाजपतनगरात खरेदी झालेला सोनपापडीचा डबा मयूर विहार, इंदिरापुरम आणि द्वारका अशी प्रदक्षिणा करून, वरच्या चकचकीत कागदाची घडीसुद्धा न मोडता, धनत्रयोदशीच्या सायंकाळी मूळ खरेदीदाराच्याच दारात हजर झाल्याच्या कथा या शहरात सांगितल्या जातात, आणि त्या ऐकून कोणाला नवल वाटत नाही. कोणता डबा कोणी दिला हे ध्यानात ठेवणे, हा या व्यवहारातला खरा विद्वत्तेचा भाग. आमच्या शेजारच्या भाभीजी त्यासाठी डब्याच्या बुडाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात देणाऱ्याचे नाव टिपून ठेवतात. एका वर्षी ते खोडायचे राहिले आणि डबा त्या नावासकट व्याह्यांच्या घरी पोहोचला, त्यानंतरचे जाबसाल पुढील होळीपर्यंत पुरले.

मी सरकारी नोकरीत हयात घालविलेला मनुष्य असल्यामुळे कोणतीही भेट हातात घेताना मला प्रथम नियम आठवतो. केंद्रीय नागरी सेवकांच्या वर्तणुकीसंबंधी जे 1964 चे नियम आहेत, त्यांतील तेरावा नियम सर्वस्वी भेटींना वाहिलेला असून, फुकट प्रवास, फुकट भोजन आणि फुकट निवास या सर्वांची गणना त्याने भेटींत केली आहे. प्रसंगोपात्त जेवण, कोणी वाटेत गाडीत बसवून घेणे आणि सामाजिक आदरातिथ्य यांना मात्र उदार अंतःकरणाने सूट दिली आहे. नियमकर्त्यांच्या दूरदृष्टीविषयी मला नितांत आदर आहे. परंतु आलेली भेट न उघडताच पुढे धाडली तर ती नेमकी कोणाची समजावी, याविषयी तो नियम अवाक्षर काढीत नाही, आणि या राजधानीचा दिवाळसण तर त्याच मौनावर उभा आहे. त्यातच 2025 च्या सप्टेंबरात अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने, सरकारी तिजोरीतून दिवाळीच्या भेटींवर खर्च करू नये, असे फर्मान काढले. त्यामुळे आमच्यासारख्या सेवानिवृत्तांपर्यंत ओघळत येणारे सुक्या मेव्याचे डबे आटले, पुढे ढकलायलाही काही उरले नाही, आणि या आपत्तीतून आमच्या घरी हस्तकलेचा उदय झाला.

कच्च्या मालाची मात्र ददात नव्हती. आमचे घराणे नगर जिल्ह्यातले, ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर तशाच निघालेल्या दुसऱ्या एका कारखान्याचे वडील सभासद होते, आणि दिवाळीला सभासदांस सवलतीच्या दराने साखर मिळते हा त्या भागातला वतनासारखा जपलेला हक्क आहे. ही साखर आमचे चुलत बंधू दरसाल झेलम एक्सप्रेसने दिल्लीस पोहोचवितात. मुजफ्फरनगर, शामली, मेरठ आणि बागपत हे उसात बुडालेले जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतात, मुजफ्फरनगरची गुळाची मंडी तर देशभर ख्यात आहे, तेव्हा नगरहून दिल्लीला साखर वाहून आणणे म्हणजे उलटी गंगा, हे मी त्यांना अनेकवार समजावून पाहिले. परंतु हक्काची वस्तू सोडू नये, गरज असो वा नसो, या तत्त्वापुढे भूगोलाचे काही चालत नाही.

आणि गरज तर नव्हतीच. पतिपत्नी उभयतांस मधुमेह जडल्याचा दाखला रक्त तपासणाऱ्याने दिल्यापासून आमच्या घरात साखर ही वस्तू जप्तीतल्या मालासारखी कोठीत पडून होती. डॉक्टरांचा हुकूम असा की साखर पोटात जाता कामा नये. या हुकुमाचा मजकूर मी निमूटपणे वाचला होता. सौभाग्यवतींनी तो वकिली दृष्टीने वाचला, आणि त्यात केवळ पोटाचा उल्लेख असून उर्वरित देहाविषयी काहीही मनाई नाही, असा अर्थ लावला. ठाण्याच्या आमच्या पुतणीने याच सुमारास, "काकू, साखरेत तेल कालवून अंगाला चोळतात, त्याला शुगर स्क्रब म्हणतात, लोक विकत घेतात, तू घरी करून वाट," असे दूरध्वनीवरून सुचविले होते. त्या सूचनेस अशा रीतीने कायद्याचे पाठबळ मिळाले.

वास्तविक सौभाग्यवतींना हा विषय नवा नव्हता. अंग चोळण्याच्या कामी आपल्याकडे उटण्याचा अधिकार निर्विवाद आहे, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगासाठी दिल्लीतल्या मराठी कुटुंबांना उटण्याच्या पुड्या वाटण्याचा परिपाठ त्यांनी चालविला होताच. त्यासाठी फतेहपुरी मशिदीच्या पलीकडे खारी बावलीत जावे लागते. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद अशी यादी घेऊन तिथल्या गल्लीत शिरलेला मनुष्य आधी मिरच्यांच्या पोत्यांपाशी मनसोक्त शिंकतो आणि मगच सुगंधी द्रव्यांच्या दुकानाशी पोहोचतो. परंतु उटण्याचे मर्म उत्तरेकडील शेजाऱ्यांना पटविणे कठीण. सूर्योदयापूर्वी उठून, अंगाला तेल लावून, कडू-तुरट वासाचे पीठ चोळून घेण्यात आनंद आहे, हे विधान दिल्लीच्या दिवाळीत रात्री दोन वाजेपर्यंत पत्ते खेळलेल्या गृहस्थास करून पाहावे! साखरेची गोष्ट वेगळी. ती काय आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि पुढे उद्भवलेल्या सर्व प्रकरणांचे मूळ नेमके तेच होते.

कृती सांगण्यासारखी आहे, कारण ती फार थोडी आहे. दोन वाट्या साखर, एक वाटीहून किंचित कमी तेल, सुवासापुरते दोनचार थेंब अत्तर. तेलात साखर विरघळत नाही, ही या सगळ्या प्रयोगाची किल्ली. साखरेला पाण्याचा हात लागला की दाणे पाझरू लागतात आणि स्क्रबाचा पाक होतो. दाण्याचा प्रश्न मात्र नाजूक. कारखान्यातून निघणारी साखर दाण्याच्या आकारमानाप्रमाणे एल, एम, एस अशा प्रतींत विभागली जाते आणि पुढे शुभ्रतेचा आकडा लागून बाजारात एम-30, एस-30 या नावांनी ओळखली जाते. आमची हक्काची साखर जाड दाण्याची. सौभाग्यवतींनी परातीतली चिमूट उचलली, तेलात बुडवून डाव्या हाताच्या मागल्या बाजूस, अंगठ्याच्या बुडाशी जिथे कातडी सैल असते तिथे, सावकाश गोल फिरविली, डोळे मिटून क्षणभर थांबल्या, आणि "हे अंग घासायचं की भांडी?" एवढाच शेरा मारून सर्व साखर मिक्सरात अर्धीमुर्धी फिरविण्याचा आदेश दिला. पूर्ण फिरविली असती तर पिठीसाखर झाली असती, आणि पिठीसाखर तेलात कालवून अंगाला फासणे म्हणजे नुसते चिकट होणे.

तेलाच्या निवडीवर पुतणीशी मतभेद झाला. ठाण्याच्या हवेत वाढलेल्या त्या मुलीने खोबरेल सांगितले होते. पण खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठते, आणि दिल्लीत दिवाळीच्या रात्री पारा त्याच्या पुष्कळ खाली उतरलेला असतो, हे तिच्या गावीही नव्हते. ज्या शहरात मराठी गृहिणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी खोबरेलाची बाटली उन्हात उभी करून ठेवते, तिथे खोबरेलाचा स्क्रब म्हणजे जानेवारीपर्यंत बरणीत बसलेला दगड, जो काढण्यास छिन्नी लागावी. सबब तिळाचे तेल मुक्रर झाले, आणि मोजक्या प्रतिष्ठितांसाठी रोगन बादाम, जे 1906 साली दिल्लीतच स्थापन झालेल्या हमदर्दचे मिळते. स्क्रबात घालायच्या संत्र्याच्या साली वाळविण्याचे काम मजकडे होते. त्या गच्चीवर घातल्या असत्या तर स्क्रबाला लागणारा खरखरीतपणा दिल्लीच्या हवेतून आपोआप आणि विनामूल्य मिळाला असता. परंतु सौभाग्यवतींनी त्या वर्तमानपत्राखाली झाकून घरातच वाळवून घेतल्या.

अत्तरासाठी आम्ही दरीबा कलाँत गेलो. तिथे गुलाबसिंग जोहरीमल यांचे 1816 पासूनचे दुकान आहे, म्हणजे ते उघडले तेव्हा लाल किल्ल्यात बादशहा होता. दुकानदार काचेच्या लहान कुप्यांतून मनगटावर एकेक गंध टेकवीत होता. गुलाब झाला, खस झाला, आणि मग पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचे अत्तर आले, ज्याने मी क्षणात नगरच्या शेतात जाऊन पोहोचलो. तेच घ्यावे असा माझा आग्रह होता. "आंघोळ करून माणसाला मातीचा वास यायचा असेल तर आंघोळ करायचीच कशाला?" असा सवाल सौभाग्यवतींनी मराठीतून केला, जो दुकानदाराला भाषा न कळताही कळला, कारण त्याने कुपीला मुकाट्याने बूच लावले. गुलाब घेतला.

वाटप करताना मला इतिहासाचे थोडे भान आले. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडली, ही गोष्ट दिल्लीकर अद्याप विसरलेले नाहीत. आणि 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने हार खाऊन हे शहर इंग्रजांस सोडले, त्या विजयाचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. आमचे घर त्या रणभूमीपासून फार दूर नाही. मराठ्याने दिल्लीकराच्या दारी जाऊन काही मागण्याऐवजी काही द्यावे, हा योग जमाखर्चाच्या दृष्टीने इष्टच होता, जरी रुप्याच्या छताची भरपाई साखरेने व्हावयास किती गाळप हंगाम लागतील याचा हिशेब मी केलेला नाही.

बरण्यांवर चिठ्ठ्या लिहिण्याचे काम अर्थातच माझे. आरंभी मी केवळ "अंगास लावण्यासाठी" एवढेच लिहिले होते. मग ध्यानात आले की ओला हात बरणीत घालू नये हे सांगितलेच पाहिजे. चेहऱ्याच्या नाजूक कातडीस लावू नये, कापल्या-खरचटल्यावर चोळू नये, ही कलमे ओघाने आली. तेलाने न्हाणीघराची फरशी निसरडी होते, तेव्हा वडीलधाऱ्यांनी जपून पाऊल टाकावे आणि नंतर फरशी साबणाने धुवावी, हे तर अत्यावश्यक. बरणी झाकून ठेवावी, मुंग्या. शेवटी ती चिठ्ठी परिपत्रकाएवढी झाली, बरणीला दोनदा गुंडाळूनही तिचे टोक बाहेर लोंबू लागले, आणि एवढे करूनही "खाऊ नये" हे कलम तिसऱ्या घडीत गेले.

परिणामी वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त सहसचिवांनी तो पदार्थ न्याहारीच्या टोस्टास लावून खाल्ला. तेलात घातलेल्या संत्र्याच्या सालींवरून त्यांनी तो मुरंबा आहे असा निष्कर्ष काढला होता, आणि चिठ्ठी न वाचण्याचे कारण त्यांनी फार मार्मिक सांगितले: आयुष्यभर इतरांनी लिहिलेल्या टिपणांचा शेवटचा परिच्छेदच वाचण्याची त्यांना सवय, आणि शेवटचा परिच्छेद मुंग्यांविषयी होता. "मुरंबा उत्तम, किंचित तेलकट, संत्री नागपूरची दिसतात," असा त्यांचा अभिप्राय जिन्यात मिळाला. प्रकृतीस काही अपाय झाला नाही, कारण साखर, तीळ आणि संत्र्याची साल यांत अपाय करण्यासारखे काही नसते. खालच्या मजल्यावरच्या सरदारजींनी, जे आपल्या जुन्या मोटारीची पुत्रवत् सेवा करतात, हातावरचे काळे वंगण घालविण्यास यासारखे औषध नाही असा शोध लावला, आणि तो खराच आहे. तेल वंगण सैल करते, दाणा ते खरवडून काढतो, आणि साखर पाण्यात विरघळून निघून जाते. साबणांच्या फेसाने कालिंदी कुंजापाशी यमुनेचे जे पांढरे ढग होतात, त्यांत भर घालणारे यात काहीही नाही, ही त्यातली सात्त्विक बाजू. सरदारजींनी आणखी मोठा डबा मागितला आहे.

आणि मुख्य गोष्ट अशी की एकही बरणी पुढे रवाना झाली नाही. चिठ्ठीच्या शिरोभागी, सरकारी पत्राच्या रीतीप्रमाणे, मी घेणाऱ्याचे नाव आणि सदनिका क्रमांक घातला होता. अशी नामनिर्दिष्ट वस्तू दुसऱ्याच्या नावे वर्ग करण्याची सोय दिल्लीच्या प्रघातात नाही. कित्येकांची त्यामुळे कुचंबणा झाली असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले, परंतु नाइलाजाने का होईना, त्यांना अंग घासावे लागले.

यंदाचा घाणा परातीत तयार आहे, कारण चुलत बंधूंची साखर वेळेवर पोहोचली. अडचण एवढीच की बरण्या परत आलेल्या नाहीत, आणि त्यांत खुर्जाच्या निळ्या नक्षीच्या बरण्या होत्या, ज्या सौभाग्यवतींनी लोणच्याच्या हक्काला धक्का लावून या कामी दिल्या होत्या. तरी ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी कृपया दिवाळीपूर्वी आणून द्याव्यात, ही विनंती. कोणाचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपली जुनी रीत मला मान्य आहे. परंतु आमच्या बाबतीत ती कृपा करून पाळू नये.