सगळे चोर!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बाळ आहे. ते तीन वर्षांचं आहे, त्याच्या नाकात नळी आहे आणि त्याचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे. हे ऑपरेशन गेली कित्येक वर्षं उद्या सकाळीच आहे. त्याच्या बरोबरीची मुलं एव्हाना दहावीला बसली असतील, पण बाळ काही तिसरं वर्ष ओलांडायला तयार नाही. मध्यंतरी त्याचं आडनाव बदललं, सोलापूरचं गाव जळगावला गेलं, आजार हृदयातून यकृतात उतरला. बदलला नाही तो फक्त शेवटचा मजकूर : 'एक शेअर केल्याने तुमचं काही जात नाही.' पूर्वी तर अशा प्रत्येक शेअरमागे फेसबुक म्हणे एक रुपया देत असे. ते खरं असतं, तर आमच्या ग्रुपचा उत्साह पाहता आज फेसबुकसाठीच वर्गणी काढावी लागली असती.

मदत मागणाऱ्यांत खरा कोण नि खोटा कोण, याचा निवाडा आमच्या इमारतीत दोन ठिकाणी होतो. पहिल्या मजल्यावर नाना आणि तिसऱ्यावर माझी आत्या.

नानांचा निकाल तयारच असतो : "सगळे चोर!" फसवणुकीच्या बातम्यांची कात्रणं ते जपून ठेवतात. २०२० साली पीएम केअर्स फंड निघाल्या निघाल्या भामट्यांनी खऱ्या यूपीआय आयडीतला 'केअर्स'चा शेवटचा 'एस' तेवढा गाळून जुळा आयडी काढला होता. हा किस्सा नाना घरच्या लग्नाची हकिगत सांगावी तसा सांगतात. "एका अक्षराचा खेळ हो! अशाने माणसानं द्यायचं तरी कुणाला?" नाना एरवीही कुणाला देत नाहीत, पण अशी बातमी आली की न देण्याला तात्त्विक अधिष्ठान मिळतं. त्यांच्या लेखी उघडकीला आलेला प्रत्येक घोटाळा ही बचतच असते.

आत्या जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाली. दारात आलेल्याला ती आधी पाणी देते. मग लेखापरीक्षण सुरू होतं. परवा दोन तरुण आले. गळ्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं ओळखपत्र, हातात मुलांच्या फोटोंचा अल्बम नि एक वही.

"काकू, अनाथ मुलांसाठी..."

"चांगलं काम आहे. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक?"

एकानं ओळखपत्रावर बोट ठेवलं.

"हा नुसता आकडा झाला, बाळा. आधीचं अक्षर कुठंय? पुढे जिल्हा कुठंय?"

"काकू, मुलं सकाळपासून उपाशी आहेत हो!"

"अगंबाई! मग इथे काय उभे राहिलात? कुकर झालाच आहे, डबा भरते. चला, रिक्षानं जाऊ."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आश्रम फार लांब होता म्हणे. जेवणाची सोयही होती, फक्त रोख रकमेची नव्हती. किंवा हा क्यूआर कोड. आत्यानं तो मला स्कॅन करायला लावला, तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. "मुलांना हे कामही शिकवता वाटतं?" तिनं कौतुकानं विचारलं. मग वही घेतली. आमच्या इमारतीतल्या देणगीदारांची यादीच होती तिच्यात. पाचशे, हजार, पाचशे. सगळ्यांच्या सह्या एकाच निळ्या पेनानं, एकाच वळणाच्या. सर्वांत मोठी देणगी सातव्या मजल्यावरच्या ७०४ नंबरची. आमची इमारत चार मजली आहे.

आत्यानं वही मिटून परत केली. "सातव्या मजल्यावरच्यांना माझा नमस्कार सांगा." दोघे जिना उतरून गेट गाठेपर्यंत तिनं वॉचमनला इंटरकॉम लावलेला होता आणि मला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर पाठ म्हणायला लावला होता. पैसे गेल्या गेल्या तिथे कळवलं तर ते अडवता येण्याची आशा असते, हे तिचं म्हणणं.

तिचं शास्त्र साधं आहे. खऱ्या माणसाला प्रश्नांचा राग येत नाही, आणि खोट्याला वेळ नसतो. पेशंटसाठी मदत मागितली की ती आधी रुग्णालयात फोन करून समाजसेवा विभाग गाठते, पेशंट खरंच दाखल आहे का ते विचारते आणि पैसे रुग्णालयाच्याच खात्यावर भरते. रुग्णालय धर्मादाय असेल, तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, हे पेशंटच्या नातेवाइकांना तीच सांगते. गणपतीची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली, तर ती वर्गणीसाठी लागणारी धर्मादाय आयुक्तांकडची कलम ४१-क ची परवानगी मागते. आता पोरं जिन्यातूनच तो कागद फडकवत वर येतात. मंडळाच्या खजिनदाराला मध्यंतरी कुणीतरी फोन केला, 'आमच्या कंपनीला देणगी द्यायचीय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' तो आधी आत्याकडे आला म्हणून बरं. "अरे, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? पिन लागतो तो द्यायला!"

हिशेब मागणं म्हणजे अविश्वास, हे तिला मान्य नाही. तिचं लाडकं उदाहरण पैसा फंडाचं. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव फिरून माणशी एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. "दिलेला पैसा कुठे गेला ते लोकांना डोळ्यांनी दिसत होतं," आत्या म्हणते. "तेवढंच मागते मी."

त्या दोघा तरुणांची हकिगत ऐकून नाना मात्र खूश झाले. वर येऊन म्हणाले, "बघा, मी काय म्हणत होतो? सगळे चोर!" आत्या आपल्या पक्षात आली असा त्यांचा समज झाला होता.

"बसा ना, नाना," आत्या म्हणाली. "त्यांना न दिलेले पाचशे माझ्याकडे आहेत, ते एका वसतिगृहाला द्यायचेत. तुमचेही वाचलेच की. किती लिहू?"

नानांनी नोंदणी विचारली. आत्यानं दाखवली. लेखापरीक्षण अहवाल विचारला. तोही निघाला. ८०जीचं प्रमाणपत्रही समोर आल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर खुलला : "पण मी नवी करप्रणाली घेतलीय हो! मला वजावटच नाही."

"मग निखळ पुण्य," आत्या म्हणाली.

नानांनी मुलांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देणार नाही म्हटलं. रविवारी आत्या त्यांना घेऊन गेली. मुलं होती. मुलांनी त्यांना चहा दिला, गणिताच्या वह्या दाखवल्या, अधीक्षकांनी जमाखर्चाचं रजिस्टर उघडून समोर ठेवलं. नानांनी बेरजाही करून पाहिल्या. त्या बरोबर होत्या. शेवटी चेक फाडला गेला, तोही हजाराचा.

परत येताना रिक्षात नानांनी चष्मा लावून पावती उलटसुलट पाहिली. शिक्का, सही, नंबर, अक्षर, जिल्हा. "खरी आहे हो," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. हजार रुपये गेले होते आणि १९३० ला सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.